तारा बांधलेलं तोंड

माझा खालचा जबडा लहानपणापासून पुढे होता. पोळीचा तुकडा दातांनी तुटायचा नाही, बोटांनी तोडून तोंडात टाकावा लागायचा. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी तो कापून मागे घेतला आणि सहा आठवडे फरीदाबादच्या घरात मुका बसून राहिलो, कारण वरचे दात आणि खालचे दात डॉक्टरांनी तारांनी एकमेकांना बांधून टाकले होते. लोकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की चावायला त्रास होतो म्हणून करतोय. डॉक्टरांनाही तेच सांगितलं होतं. खरं कारण फक्त बायकोला माहीत होतं.

खरं कारण म्हणजे एक वाक्य. करोल बागेत मोटारींचे सुटे भाग विकणारा एक म्हातारा होलसेल व्यापारी होता. सगळा बाजार त्याला लालाजी म्हणायचा. ऑपरेशनच्या सहा वर्षं आधी त्यानं भर दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत मला म्हटलं होतं, “पहले मुँह सीधा करवा ले, फिर भाव करना.”

चौघं हसले. मी क्लच प्लेटचा खोका काउंटरवर आपटला, म्हाताऱ्याला दोन शिव्या दिल्या आणि निघून आलो. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच्याकडेच गेलो, कारण त्याच्याइतका चोख माल कुणाकडे मिळत नव्हता. पण ते वाक्य विसरलो नाही. रोज दाढी करताना ते आठवायचं. हातात पैसा आल्यावर आधी पक्कं दुकान घेतलं, मग फ्लॅट, मग शाळकरी पोरांसारख्या क्लिपा दातांना लावून दीड वर्ष हिंडलो आणि शेवटी जबडा कापून घेतला. त्या माणसासमोर सरळ तोंडानं उभं राहायचं आणि त्याला त्याचं वाक्य परत करायचं, एवढंच डोक्यात होतं.

मी स्वतःच्या हिमतीवर वर आलोय, आणि हे सांगत सुटायची मला खोड आहे. वडील फौजेत हवालदार होते, कोल्हापूरकडचे. ते पेन्शन घेऊन गावी परतले, मी दिल्लीतच राहिलो. सुरुवात फुटपाथवर जुने हेडलाइट विकण्यापासून झाली. मग नव्या कंपन्यांच्या गाड्या आल्या, फरीदाबादला नवे सेक्टर उठले, ज्याच्या घरात कधी स्कूटर नव्हती तोही हप्त्यावर गाडी घेऊ लागला, आणि माझं दुकान चालू लागलं. मी मात्र म्हणायचो की आपलं चाललं ते आपल्याला भाव पाडता येतो म्हणून.

भाव पाडायचं आमचं एक तंत्र होतं. दर पंधरवड्याला मी बायकोला बरोबर न्यायचो. लालाजीनं किंमत सांगितली की आम्ही दोघं त्याच्या समोर बसून मराठीत ठरवायचो. कुठपर्यंत चढायचं, मी उठलो की तिनं कधी उठायचं, प्रत्यक्षात किती परवडतं, सगळं उघड, चेहऱ्यावरची रेषा न हलवता. दिल्लीतल्या मराठी माणसांना ही सवय असतेच. रिक्षावाला, घरमालक, जिन्यात भेटलेली शेजारीण, सगळ्यांच्या तोंडावर आपण मराठीत हवं ते बोलतो आणि मग वळून गोड हिंदीत ‘अच्छा जी’ म्हणतो. भाव चालू असताना मी जरा मजाही करायचो. म्हाताऱ्याच्या टोपीवर, त्याच्या खोकल्यावर, त्याच्या चिकटपणावर. बायको पदरात हसू दाबायची. लालाजी आमच्याकडे शांतपणे बघत राहायचा आणि चहा मागवायचा.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं होतं. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. लाळ गळलेली कळायची नाही, बनियन ओला लागला की कळायचं. रात्री तीन उशा पाठीला लावून बसल्या बसल्या झोपायचं. बायको वरणाचं पाणी, दूध, गाळलेली दलियाची पेज पिचकारीत भरायची आणि शेवटच्या दाढेमागच्या फटीतून रबरी नळीनं आत सोडायची. उशाशी एक पक्कड ठेवलेली असायची. ओकारी आली तर तारा कशा कापायच्या, हे डॉक्टरांनी तिला शिकवून ठेवलं होतं. ती पक्कड पाहिली की मला चिडायचीही भीती वाटायची, आणि चिडण्यावाचून मला दुसरं काही येत नव्हतं.

मुलीची जुनी पाटी मी जवळ ठेवली होती. पण पाटीवर नीट चिडता येत नाही, पेन्सिल तुटते. मग वरण खारट लागलं की मी चमचा स्टीलच्या पेल्यावर आपटायचो. एकदा इतका आपटला की मुलगी अभ्यास टाकून दारात आली आणि म्हणाली, “पापा, घर को मंदिर बना दिया आपने.” मी पाटीवर लिहिलं, ‘मराठीत बोल.’ तिनं थोडा विचार केला आणि आत निघून गेली.

चौथ्या आठवड्यात सूज उतरली. जबडा जागेवर आला होता. मी दिवसातून दहादा आरशापुढे उभा राहायचो, बाजूनं बघायचो. बायकोनं एकदा मला असं पकडलं तेव्हा मी साबण शोधत असल्याचं नाटक केलं.

त्याच आठवड्यात एका सोमवारी लालाजी घरी आला. सोमवारी करोल बागेचा बाजार बंद असतो. दोन बस बदलून, हातात थर्मास घेऊन, जिना चढून तो धापा टाकत वर आला. मी बाल्कनीत उन्हाला बसलो होतो. त्यानं हिंदीत सांगितलं की बाजारात माझं ऑपरेशन झाल्याचं कळलं, घरून मुगाचं पाणी करून आणलंय, दोनदा गाळलंय, नळीत अडकणार नाही.

आभार मानायचे मला सुचले नाहीत. ज्या क्षणाची मी सहा वर्षं वाट पाहिली तो जिना चढून आपण होऊन आला होता. मी पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं, ‘मुँह सीधा हो गया. देख लो.’ आणि ती त्याच्यापुढे धरली.

त्यानं चष्मा लावून वाचलं. मग मी पाटी पुसली, बायकोसाठी मराठीत लिहिलं, ‘चहा करू नकोस, लवकर जाईल,’ आणि ती तिच्याकडे वळवली. हिंदी वाचणाऱ्याला मराठीचीही अक्षरं वाचता येतात, एवढंही त्या घमेंडीत माझ्या लक्षात आलं नाही.

लालाजी बायकोकडे वळला आणि म्हणाला, “चहा नगंच मला, पोरी. पानी दे वाईच.”

बायको तिथंच उभी राहिली. मी उठायला गेलो तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. “उठू नगंस. आन् बोलू बी नगंस, तारा तुटत्याल.”

हे माझ्या वडिलांचं मराठी होतं. मी शाळेत असताना हे बोलणं सोडलं होतं, कारण कॅन्टोन्मेंटमधली पुण्याची पोरं हसायची. पंचवीस वर्षांनी ते माझ्याच बाल्कनीत, टोपी घातलेल्या एका सिंधी म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलं.

मग त्यानं सांगितलं. फाळणीत घरदार सोडून त्याच्या बापानं कोल्हापूरजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पात आसरा घेतला. हा तिथंच वाढला, गावच्या मराठी शाळेत चौथी शिकला, गावातल्या पोरांबरोबर म्हशी धुतल्या, आणि पुढे काकानं दिल्लीला बोलावून घेतलं. आम्ही पहिल्यांदा त्याच्या दुकानात मराठी बोललो तेव्हा त्याला इतका आनंद झाला होता की त्यानं चहा मागवला. आम्ही काय बोलतोय हे नीट कानांवर आल्यावर त्यानं आपल्याला येतं हे सांगायचं टाळलं. आधी लाज वाटली म्हणून, मग सवय झाली म्हणून.

“तू कितीपर्यंत चढणार, ते तूच आधी सांगायचास की,” तो म्हणाला. “मी त्याच्या जरा खालीच थांबायचो. म्हटलं, नवा गडी हाय, आपल्या मुलखातला हाय, जगू दे.”

माझी सगळी कमाई, माझी सगळी हुशारी, गल्लीतल्या पोरांना मी ज्या गोष्टी सांगायचो त्या सगळ्या त्यानं सोडलेल्या भावावर उभ्या होत्या.

“आन् मी तुझ्या तोंडाचं काढलं, ते त्याच दिशी तू माझ्या पोराचं काढलंस म्हणून.”

मला आठवलं. त्या दिवशी तो किमतीवरून खाली येत नव्हता. त्याचा एकुलता एक मुलगा भांडून घर सोडून गेल्याची बातमी बाजारात ताजी होती. मी बायकोला मराठीत म्हटलं होतं, ‘पोरगं पळालं ते बरंच झालं, असल्या बापाजवळ कुत्रंसुद्धा राहणार नाही.’ ती तेव्हा हसली नव्हती. त्यानंतर लगेच त्यानं ते वाक्य मला ऐकवलं होतं. सहा वर्षं मी त्याचं वाक्य जपून ठेवलं आणि त्याच्या आधीचं माझं विसरून गेलो. जबडा कापून घेतला तो माझ्याच वाक्याच्या उत्तरापायी.

जाताना त्यानं आणखी एक सांगितलं. मुलगा इंदूरला स्थिरावलाय, दोन आठवड्यांपूर्वी येऊन पाया पडून गेला, आता न्यायला येतोय. पुढच्या रविवारी दुकान बंद करून तो इंदूरला जाणार होता. माझ्या तारा त्यानंतर आठवड्यानं निघणार होत्या.

म्हणजे माझ्याकडे सहा दिवस होते आणि तोंड नव्हतं. तो मराठी वाचत होता, म्हणून मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या पत्रात लिहिलं की मी चुकलो, पण तुम्हीही चार लोकांसमोर बोलायला नको होतं, मी निदान एकट्या बायकोशीच बोललो होतो. दुसऱ्यात लिहिलं की तुम्हाला मराठी येतं हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर हे घडलंच नसतं. तिसऱ्यात तुमचं वाक्य आणि माझं वाक्य दोन्ही विसरून जाऊ असं सुचवलं. ते मला चांगलं जमलंय असं वाटलं.

बायकोनं तिन्ही वाचली. “तुम्ही माफी मागताय का भाव करताय?” ती म्हणाली.

मी चमचा पेल्यावर आपटला. ती हलली नाही. “मी पण हसत होते तिथं बसून,” ती म्हणाली. “इतकी वर्षं. माझं मी परवा जिन्यात त्यांच्या पाया पडून मागून घेतलं. तुमचं तुम्ही मागा.”

शनिवारी तिनं शेजाऱ्यांच्या गाडीतून मला करोल बागेला आणलं आणि स्वतः गाडीतच बसली. नाकातोंडावर मफलर गुंडाळून मी दुकानात शिरलो. कप्पे अर्धे रिकामे झाले होते. गाझियाबादचे दोन व्यापारी उरलेला माल बघत होते. मी खिशातून कागद काढला. त्यावर एकच ओळ होती, की तुमच्या मुलाबद्दल मी जे बोललो त्याची माफी मागतो. ‘पण’, ‘जरी’, ‘तुम्हीसुद्धा’, यांतलं काही नव्हतं. ती ओळ लिहायला मला दोन दिवस लागले होते.

लालाजीनं कागद हातात घेतला नाही. “वाच की,” तो हळूच मराठीत म्हणाला. “तोंड सरळ झालंय न्हवं आता.”

मी मफलर खाली केला. बांधलेल्या दातांमागून आवाज येतो, पण अक्षरं फुटत नाहीत. मी ती ओळ वाचायला लागलो आणि माझ्या तोंडातून म्हशीसारखा हुंकार निघाला. बधिर ओठावरून लाळ गळून कागदावर पडली आणि शाई पसरली. ते दोघं वळून बघायला लागले. मी थांबलो नाही. थांबलो तर पुन्हा सुरू करणार नाही, हे मला माहीत होतं. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

“क्या बोल रहे हैं भाईसाहब?” त्यांतल्या एकानं विचारलं.

लालाजी त्यांच्याकडे वळून म्हणाला, “कुछ नहीं. कह रहा है, भाव ज़्यादा है.”

दोघं हसले. त्याच दुकानात, तसंच. या खेपेला मी खोका आपटला नाही, कारण या खेपेला तो माझी बाजू सांभाळत होता. मी जितका खाली जाणार होतो त्याच्या जरा वरच त्यानं मला थांबवलं होतं. नेहमीसारखं.

त्यानं ओला कागद माझ्या हातातून घेतला, घडी करून बंडीच्या खिशात टाकला, आणि समोरच्या टपरीवाल्याला हाक मारून सांगितलं, “चार चाय. और एक स्ट्रॉ.”

मी तो चहा उभ्यानं, गार होऊ देऊन, स्ट्रॉनं ओढला. तो मालाबद्दल त्यांच्याशी बोलत राहिला. मी निघालो तेव्हा त्यानं फक्त मान हलवली.

घरी आल्यावर मी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘माफ केलं असं म्हणाला नाही.’ तिनं ते वाचलं, ओलं फडकं आणलं आणि पाटी पुसून ठेवली.