वाचणारे पांडू, सांगणारे भागोजी

श्रावण तोंडावर आला होता आणि भागोजींना पोथीचा कंटाळा आला होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आंबेनळी घाटाच्या रस्त्याखालच्या त्यांच्या वाडीत पोथी म्हटलं की भागोजीच, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं. श्रावणभर देवळात रोज पोथी लागायची. एकानं ओवी वाचून थांबायचं आणि दुसऱ्यानं तिचा अर्थ चार माणसांच्या डोक्यात उतरेल असा सांगायचा. वाचायचे पांडू, सांगायचे भागोजी. दोघं सख्खे चुलतभाऊ, घराला घर लागून, आणि एकमेकांशी बोलणं बंद.

बंद झालं ते भागोजींच्या मुलीच्या लग्नात. मानाचे टॉवेल-टोपी द्यायला भर मांडवात एकेकाचं नाव पुकारलं, त्यात पांडूंचं नाव घ्यायचं राहून गेलं. मुद्दाम नव्हे, गडबडीत. पण पांडू भरल्या ताटावरून उठले ते पुन्हा त्या उंबऱ्याला शिवले नाहीत. नाव राहिलं ही भागोजीची चूक, असं पांडूंचं म्हणणं. ताटावरून उठला ही पांडूची चूक, असं भागोजींचं. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर ते मिटेना. श्रावणात मात्र दोघं एकाच घोंगडीवर शेजारी बसत. पांडूंनी वाचावं, भागोजींनी सांगावं, आणि आरती झाली की एकानं या वाटेनं जावं, दुसऱ्यानं त्या. गावाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. गावाला काय, कशाचीही सवय होते.

यंदा पांडूंची नजर गेली. अक्षर दिसेना म्हणून ते घरीच बसले. तशात मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा फोन आला, की नव्या पोरांना पोथी शिकवा, गावात संस्कार राहिले पाहिजेत. संस्कारांनी गावात राहायचं आणि आपण दिव्याला नाहीतर विरारला, हा मंडळाचा जुनाच शिरस्ता. भागोजी हो म्हणाले. नाही म्हणायलाही जोर लागतो, आणि तो त्यांच्यात उरला नव्हता.

रविवारी दुपारी देवळात तालीम सुरू झाली. महाडला कॉलेजात जाणारी रूपाली, दहावीतला ओम आणि आणखी दोन-तीन पोरं. रूपाली वाचायला बसली. वाचायची ती स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. आणि भागोजींना अर्थ सुचेना.

त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. जे काही त्यांना ठाऊक होतं ते पांडूंच्या तोंडून कानावर पडलेलं. पांडू ओवीच्या शेवटी रेंगाळायचे, खाकरायचे, तेवढ्यात भागोजींच्या जिभेवर अर्थ येऊन बसायचा. ही पोरगी मात्र बातम्या दिल्यासारखी पुढे पुढे जात होती. भागोजी नुसते "हं, हं" करत राहिले. पाठ दुखत होती. पोरं उठून कधी जातात असं त्यांना झालं होतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटत होती.

तेवढ्यात रागाची ओवी आली. राग धरून बसलेल्याच्या घरात देव पाऊल टाकत नाही, अशा मतलबाची. ही त्यांची हातखंडा ओवी. ते सावरून बसले आणि सांगू लागले, की बाबांनो, दोघांत बिनसलं तर जो आधी बोलेल तो मोठा, चूक कुणाची हे मोजत बसू नये. अर्थ छान रंगला.

"आजोबा," रूपालीनं विचारलं, "मग तुमी पांडूआजोबांशी का नाय बोलत?"

ओम फिस्सकन हसला. एरवी भागोजींनी त्याला देवळाबाहेर काढलं असतं.

"पोथी येगळी, घर येगळं गो," ते म्हणाले.

"मग आमी शिकून काय करायचं?"

ती टोमणा मारत नव्हती. तिची परीक्षा जवळ आली होती. पुढच्या रविवारी अभ्यास सोडून इथे यायचं की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं. पोरांनी पोथी कापडात बांधली आणि ती गेली. आता ती परत येणार नाहीत, श्रावणात पोथी लागणार नाही, आणि बंद पडली ती आपल्या हातून, हे भागोजींना लख्ख कळलं. पुढच्या माणसांना हेच आठवेल.

ते घराकडे निघाले खरे, पण स्वतःच्या घरावरून पुढे गेले.

पांडूंच्या पडवीत त्यांची बायको बनुबाई कडवे वाल सोलत बसली होती. भागोजींना पाहून तिचा हात थांबला. ती उठली आणि तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"कोन हाय गो?" भिंतीला टेकून बसलेल्या पांडूंनी विचारलं.

"मी हाय."

पांडूंनी तोंड फिरवलं नाही. दिसतच नव्हतं, तर फिरवून करणार काय?

"पोरांना शिकवतोस म्हनं," ते म्हणाले.

"कसला शिकवतोय! ती वाचतात आन् मला सांगता येत नाय. तुझ्या वाचन्याबिगर मला काय सुचत नाय." भागोजी पायरीवर टेकले. "दमलो रे पांडू."

"मी पन दमलोय."

बनुबाई पुन्हा वाल सोलू लागली, पण तिचं सगळं लक्ष इकडेच होतं.

"आज ती रागाची ओवी आली," भागोजी म्हणाले. "दरसाल ती आली का मी अर्थ लांबवायचो. तुझ्या डोक्यात शिरावा म्हनून."

पांडूंना हसू आलं. आनंदाचं हसू नव्हतं ते, थकलेलं होतं.

"ठाऊक हाय मला. ती ओवी मी दोनदा वाचायचो, ती कशापायी? तुझ्या कानात जावी म्हनून."

भागोजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढे श्रावण, एवढं गाव समोर बसलेलं, आणि आपण दोघं एकमेकांना शिकवत होतो!

"मंग पांडू," ते म्हणाले, "ऐकत कोन व्हता रे?"

पांडूंनी हात पुढे करून हवेत चाचपलं. भागोजींचा खांदा हाताला लागला, तसा तो हात त्यांनी तिथेच राहू दिला. भागोजी लहान पोरासारखे रडू लागले.