एकतीस पादचारी

डिसेंबरातला दुसरा सोमवार, रक्कम चार लाख वीस हजार. ग्रामपंचायतीच्या खोलीत सरपंच, ग्रामसेवक, नव्या तेल मिलचे मॅनेजर आणि मी, असे चौघे होतो. मी गावच्या हायस्कुलात क्लार्क. हिशेबात चूक करत नाही अशी माझ्याबद्दल समजूत होती, म्हणून मोजणीचं काम माझ्याकडे आलं.

केजहून नांदूरघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आमच्या गावाला फाटा फुटतो. तिथून आत दीड किलोमीटरवर मिल उभी राहत होती. तिच्या ट्रकांनी रस्ता खचणार, तर मजबुतीच्या खर्चातला किती वाटा मिलने द्यायचा, एवढाच प्रश्न होता. ठरलं ते असं: ट्रकला तीन गुण, बैलगाडीला दोन, जीपला एक, मोटारसायकलला अर्धा. रोजच्या वाहतुकीचे गुण आले दोनशे दहा. मिलमुळे वाढणारे एकशे चाळीस. साडेतीनशेत एकशे चाळीस म्हणजे चाळीस टक्के. मजबुतीचा खर्च साडेदहा लाख, त्यातले चार लाख वीस हजार मिलचे. एक अट वेगळी होती. रोज पंच्याहत्तरपेक्षा जास्त माणसं पायी जात असतील, तर कडेने उंच पायवाट बांधायची आणि तिचाही खर्च मिलने द्यायचा.

मी तीन दिवस फाट्यावरच्या टपरीत वही घेऊन बसलो होतो. सण नाही, लग्नसराई नाही, शाळेला सुट्टी नाही, पाऊस नाही, असे दिवस मुद्दाम निवडले होते. जीपवाला रोज खाली वाकून विचारायचा, "आज पास झालो का, भाऊ?" कुणी म्हणायचं, शेरडं धरा, गुण वाढतील. मी हसत होतो आणि रेघा ओढत होतो. पायी जाणाऱ्यांची सरासरी आली एकतीस. पायवाट अटीत बसली नाही. चौघांनी सह्या केल्या.

फाट्याजवळच्या वस्तीवरची बहुतेक घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्या वर्षीही माजलगावकडे गेली होती. त्यांचे ट्रॅक्टर माझ्या दारावरून गेले, दोन घरांच्या किल्ल्या आमच्याच खुंटीला होत्या. तरी वहीत एकतीस लिहिताना मला ते सुचलं नाही. या गावात जन्मलेल्या माणसाला सुचलं नाही. आमच्याकडे डिसेंबर म्हटला की वस्ती रिकामीच, आणि मी तिलाच रोजचा दिवस धरलं.

एप्रिलात माणसं परतली. वस्तीवरचा एक जण माझा शाळेतला सोबती. त्याने रुंद झालेला रस्ता पाहिला, कडेला पाय ठेवायला जागा नाही हे पाहिलं आणि माझ्या घरी आला. त्याची मुलगी आठवीत जाणार होती. वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच. पाचवीपासूनची तीन वर्षं ती अर्धं वर्ष आमच्या शाळेत आणि अर्धं आईबापाबरोबर उसाच्या फडात होती. या वर्षी तिला आजीजवळ ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. त्याने चहा संपवला. मग म्हणाला,

"आमाला कावून न्हाई मोजलं बे?"

मी म्हणालो, तुम्ही नव्हता.

"ऊस तोडत होतो. मेलो नव्हतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामसेवकाकडे चूक लेखी दिली. त्याने विचारलं, सही तुमचीच ना? मॅनेजर सभ्यपणे बोलले, फेरमोजणी करा, पण पैसे पुढच्या मंजुरीत. जूनमध्ये मी पुन्हा तीन दिवस बसलो. सरासरी एकशे अठरा.

जुलैत दोन ट्रक समोरासमोर आले आणि सोबत्याची मुलगी कडेच्या चरात उतरली. चर पाण्याने भरलेला होता. ती शाळेच्या ऑफिसात आली तेव्हा दप्तरातून पाणी गळत होतं, मनगट सुजलं होतं. नवी पुस्तकं मिळतील का, एवढंच तिने विचारलं. त्या दिवसापासून आई तिला सोडायला येऊ लागली. पण दिवाळीनंतर आई फडात असणार, आणि आजीला समोरचं माणूस ओळखू येत नाही.

मी सोबत्याला म्हणालो, मी नेईन, मी आणीन. तो म्हणाला, "किती दिवस, भाऊ? तुजी नोकरी हाय." लहानपणापासून मला बे म्हणणारा त्या दिवशी भाऊ म्हणाला. मुलीचं नाव मी हजेरीपटावरून कमी केलं नाही, दिवाळीनंतर गैरहजेरी लावत गेलो.

मिलचा पायवाटेचा चेक फेब्रुवारीत आला, एक लाख साठ हजारांचा, ग्रामपंचायतीच्या नावे. ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचे पैसे त्याच्या आधी, दिवाळीतच आले होते. त्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा. या खेपेला सोबत्याच्या घरातून दीड कोयता धरला गेला. मुलीच्या अर्ध्या कोयत्याची आगाऊ उचल चाळीस हजार रुपये, तिच्या बापाच्या हातात रोख.