बिनखसखशीचा अनारसा

करमाळ्याच्या शाळेत हेडसरांची नक्कल केली म्हणून मी तीनदा मार खाल्ला. सिंगापूरला आल्यावर त्या बाबतीत सुख होतं, इथं नकलेला मार नव्हता. पुंगोलच्या एलआरटीत, म्हणजे दोन डब्यांच्या लोकलमध्ये, दारं बंद होताना बोलणारी बाई मी करायचो. ऑफिसच्या रिसेप्शनवरची चिनी आंटी करायचो. आणि आमचा इंग्रज साहेब तर इतका हुबेहूब करायचो की एकदा फोनवर त्याच्या आवाजात मी माझीच रजा मंजूर केली होती. पकडला गेलो, तो भाग वेगळा.

एकाची नक्कल मात्र मी त्याच्यासमोर बसून, त्याच्याच मदतीनं बसवली होती. उत्तर आयर्लंडचा होता तो, लाल दाढीवाला, टेस्टिंगचा लीड. त्याच्या तोंडी प्रत्येक गोष्ट 'वी', म्हणजे छोटीशी. वी कॉफी, वी मीटिंग. सर्व्हर सहा तास झोपला तरी 'वी प्रॉब्लेम'. मी नवीन असताना मीटिंगमध्ये बोललो की लोक एकमेकांकडे बघायचे, कारण माझं इंग्रजी थेट एसटीतून उतरलेलं होतं. तोच एकदा शेजारी येऊन बसला. म्हणाला, "माझंही कुणाला काही कळत नाही. आपण दोघं मिळून बोलू." तेव्हापासून दुपारी जेवायला हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर आम्ही जोडीनं. मी त्याला 'भाऊ' म्हणायला शिकवलं, पण त्याचा 'भ' काही लागेना. तो म्हणायचा, "बाऊ!" लहान पोर पडल्यावर म्हणतं ना, तसं.

मी राहायचो पुंगोलला, चुलतभावाच्या फ्लॅटमध्ये. हा चुलतभाऊ बोटीवर इंजिनिअर, वर्षातले सहा महिने समुद्रात. त्यामुळे घर वहिनीचं आणि कायदाही वहिनीचा. २०१५च्या दिवाळीला मी तिला विचारून ऑफिसमधला पहिला पाहुणा बोलावला, आमचा बाऊ. सिंगापूरची दीपावलीची सुट्टी आदल्या दिवशी होती, आणि लक्ष्मीपूजन आलं होतं अकरा नोव्हेंबरला, बुधवारी. संध्याकाळी फराळाला ये म्हटल्यावर त्यानं कपडे काय घालायचे इथपर्यंत विचारून घेतलं होतं.

त्याच्या आठवडाभर आधी साहेबानं रिसेप्शनवर एक खोका आणून ठेवला. आत कागदाची लाल फुलं आणि टाचण्या, शेजारी पैसे टाकायचा डबा. लढाईत मेलेल्या त्यांच्या सैनिकांची आठवण म्हणून अकरा तारखेपर्यंत ही फुलं छातीवर लावायची, असं साहेबानं सांगितलं. आंटीनं लगेच एक लावलं. "रेड व्हॉट! लकी लाह!" लाल रंग तिच्या लेखी शुभ. मीही लावलं. मला तर ते ओळखीचंच वाटलं. शाळेत ध्वजदिनाला सर कागदाचा छोटा झेंडा द्यायचे, खिशावर टाचायला. ज्याच्या खिशावर झेंडा नाही त्याला प्रार्थनेच्या वेळी बाजूला उभं करायचे. घरून पैसे मिळाले नाहीत की मी दप्तर छातीशी धरून रांगेत घुसायचो. एकदा शेजारच्यानं त्याचा झेंडा अर्धा फाडून मला दिला होता. दोघंही बाजूला उभे राहिलो.

घरी वहिनीनं माझी छाती बघितली.

"भावजी, हे काय? कुणाच्या लग्नाला गेला होता का?"

"पॉपी आहे. साहेबांचं फूल."

"पॉपी म्हणजे खसखस!" तिनं झाराच उगारला. "इथं मला चिमूटभर खसखस आणू देत नाहीत. विमानतळावर सापडली तर आत टाकतील म्हणून आईनं भरून दिलेली पुडी मी तिकडंच ठेवून आले. अनारशाला तीळ लावते मी, तीळ! सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. आणि तुमचा साहेब अख्खं फूल लावून फिरतो?"

"कागदाचं आहे हो वहिनी."

"मग कागदाचा अनारसा खा."

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, ऑफिसमधल्या सगळ्या गोऱ्यांच्या छातीवर फूल आहे, फक्त आमच्या बाऊची छाती रिकामी. मला वाटलं, विसरला असेल, नाहीतर सुटे नसतील. मी डब्यात पैसे टाकले, एक फूल घेतलं आणि पँट्रीत गेलो. तो चहा करत होता. चारपाच जण होते, म्हणजे मला स्टेज मिळालं. मी साहेबाचा आवाज काढला, छाती फुगवली, "राणीसाहेबांच्या वतीनं" म्हणालो आणि त्याच्या शर्टावर फूल टाचून टाकलं.

कुणी हसलं नाही. माझ्या नकलेला कुणी न हसण्याची ती पहिलीच वेळ. त्याचा चेहरा दाढीपेक्षा लाल झाला, मग एकदम पांढरा. नेमका तेव्हाच खरा साहेब आत आला. फूल बघून त्याचा चेहरा उजळला. "वा! हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं," म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

बाऊनं टाचणी काढली. फूल साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं, अगदी हळू, आणि चहा तिथंच सोडून निघून गेला. साहेबाचा उजळलेला चेहरा विझला. तोही गेला.

"अय्यो," आंटी म्हणाली, "यू डाय लाह."

टाचणी कुणाला टोचली नव्हती, पण बाऊ झाला होता एवढं मला कळलं.

संध्याकाळी मी त्याला खाली कॉफीच्या स्टॉलवर गाठलं. मान खाली घालून म्हणालो, "मला वाटलं तुला मिळालं नाही." आणि झेंड्याची गोष्ट सांगितली. त्यानं कप बाजूला सरकवला.

"आमच्या गावात एक रस्ता आहे," तो म्हणाला. "रस्त्याच्या अलीकडे हे फूल लावलंस तर तू आमचा नाहीस. पलीकडे नाही लावलंस तर तू त्यांचा नाहीस. मी लहान असताना फूलवाल्यांचे, म्हणजे ब्रिटिशांचे सैनिक आमच्या गल्लीत बंदुका घेऊन उभे असायचे. एकदा त्यांनी माझ्या बापाला भिंतीशी उभं करून झडती घेतली, मी शेजारी उभा. आणि माझा पणजोबा? तो त्यांचाच गणवेश घालून त्यांच्याच लढाईत मेला. त्याचा फोटो आमच्याकडे भिंतीवर नव्हता, कपाटात होता. अर्ध्या जगापलीकडे आलो, म्हटलं इथं तरी कुणी आधी छातीकडे बघणार नाही. तर तू आलास टाचणी घेऊन."

"आमच्याकडे मोटारसायकलच्या नंबरप्लेटकडे बघतात," मी म्हणालो. "वर काय लिहिलंय त्यावरून माणूस कुणाचा ते ठरतं."

"तुझ्यावर काय होतं?"

"मला गाडीच नव्हती."

तो हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. मी विचारलं, "बुधवारी येशील ना?" म्हणाला, "बघू." माणूस 'वी बघू' म्हणाला असता तरी मला धीर आला असता.

मग सोमवारपर्यंत तो कामापुरतं बोलला. हॉकर सेंटरला मी एकट्यानं जेवलो. माझं फूल मी ड्रॉवरमध्ये टाकलं, परत काढलं, परत टाकलं. लावलं तर हा बघणार, नाही लावलं तर साहेब बघणार. करमाळ्याहून इतक्या लांब येऊन मी पण त्या रस्त्याच्या मधोमध उभा होतो, आणि मला तर रस्त्याचं नावही माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता साहेबानं सगळ्यांना बोलावलं. दोन मिनिटं शांतता. ज्यांना यायचं त्यांनीच या, हे त्यानं दोनदा सांगितलं, कुणाकडेही न बघता. मी फूल खिशात ठेवून गेलो. आणि बघतो तर बाऊ येऊन मागच्या रांगेत उभा राहिला, रिकाम्या छातीनं, हात मागे बांधून. साहेबानं पाहिलं, मान खाली घातली. शांतता सुरू झाली.

एक मिनिट बरं गेलं. मग माझ्या खिशात फोन थरथरला. बंद करायला गेलो, फुलाची टाचणी बोटात घुसली, अंगठा भलतीकडेच पडला आणि स्पीकरवर वहिनीचा टाहो अख्ख्या ऑफिसात घुमला.

"भावजी! हसले हो! सगळेच्या सगळे हसले! आता मी काय करू?"

मी फोन दाबून धरला. कुणी हललं नाही. साहेबाचा डोळा मात्र उघडला होता, एकच. उरलेलं मिनिट मी कसं काढलं ते माझं मला माहीत. शेवटी साहेब "थँक यू" म्हणाला आणि माझ्याकडे बघत आत गेला.

बाऊ जवळ आला. "कोण मेलं?"

"कुणी नाही. वहिनी म्हणाली, ते हसले."

"कोण हसले?"

"अनारसे. तांदूळ-गुळाची गोड पुरी असते, तळताना तुपात फुटून पसरली की आम्ही म्हणतो अनारसा हसला."

"म्हणजे सगळं बिघडलं, आणि त्याला तुम्ही हसला म्हणता?"

"हो."

त्याचे खांदे हलायला लागले. मग दाढी. मग तो भिंतीला टेकला आणि डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसला. माझ्या बोटावरचा रक्ताचा थेंब बघून म्हणाला, "बाऊ." पहिल्यांदाच बरोबर जागी.

"तू उभा राहिलास," मी म्हणालो.

"पणजोबासाठी. उभं राहायला टाचणी लागत नाही." मग घड्याळाकडे बघून, "साडेसहाला येऊ ना?"

आला. कुर्ता घालून, तोही उलटा. वहिनीनं दारातूनच त्याला बाथरूममध्ये पाठवून तो सुलटा करायला लावला. पूजा झाली आणि तिनं ताट पुढं केलं. हसलेले अनारसे एका बाजूला, पीठ सावरून केलेले धड अनारसे दुसऱ्या बाजूला. ती आपल्या इंग्रजीत माफी मागायला लागली, "ॲक्च्युअली यावर पॉपीचे दाणे पाहिजेत. इथं अलाउड नाहीत. म्हणून तीळ."

त्यानं अनारसा उचलला. उलटा केला, सुलटा केला. माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे यानंही लावलेली नाही?"

"नाही."

"आणि चालतं?"

मी वहिनीला मराठीत सांगितलं. तिला आधीची गोष्ट काहीच माहीत नव्हती. तिला वाटलं तो अनारशाबद्दल शंका घेतोय. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "न चालायला काय झालं? खसखस नसली म्हणून काय तो अनारसा नाही? खा म्हणावं गुपचूप!"

मी भाषांतर केलं, वहिनीच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून. त्यानं पाच खाल्ले, त्यातले तीन हसलेले. सहावा खिशात टाकला.

"साहेबाला देतो," म्हणाला. "वी अनारसा."