बटाटेवड्यांचा पडदा

मोठा भूकंप झाला त्या वर्षी आम्ही जपानमध्ये, टोकियोजवळच्या इचिकावात होतो. सुरुवातीला नंतरचे धक्के आले की मी धावत जाऊन गॅस बंद करायचे. मग नुसतीच वर दिव्याकडे बघायला लागले, किती हलतोय ते. पानगळ आली तोवर तेही सुटलं. कढईतलं तेल डुचमळायचं आणि मी झारा धरून ते थांबायची वाट बघायचे. शौर्यबिर्य काही नाही. घाबरण्याचं खातं बंद पडलं होतं, इतकंच.

अशात शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा बाजार भरला आणि मी वडे तळले. तिथे आयांना नावं नसतात. अमक्याची आई, तमकीची आई, संपलं. मी मात्र सगळ्या वस्तीची करी-सान, म्हणजे करीबाई. वड्यात करी नाही, हे मी माझ्या दिव्य जपानीत सांगून पाहिलं. बायका माना डोलावून म्हणाल्या, "करी-सान, करी फार छान झालीय." तिखटाने डोळे पुसत लोक पुन्हा रांगेत उभे राहत होते. मुख्याध्यापकांनी तर रुमाल बदलला.

माझ्या शेजारी गोळे वळत होती ती आमच्या वरच्या मजल्यावरची बाई. तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. बाई अबोल, पण गोळे असे की साच्याने मान खाली घालावी. भूकंपात फुटलेल्या उत्तरेच्या अणुवीज केंद्रातून जे उडालं ते पावसाबरोबर आमच्याकडेही उतरलं, असं टीव्हीवर सांगत. काळजीचं कारण नाही, असं शाळा सांगे. मैदानातल्या वाळूच्या हौदाशी जाऊन कुणी मोजलं मात्र नव्हतं. म्हणून तिने लेकीला मैदानबंदी केली होती. मधल्या सुट्टीत ती पोर एकटी वर्गात बसायची. बाजाराच्या पैशातून किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घ्यायचं, हे आम्ही आयांनी बटाटे सोलताना ठरवलं होतं.

"आकडा वाईट आला तर?" मी तिला विचारलं होतं.

"येऊ दे. ती रोज विचारते, आज जाऊ का. काहीतरी नक्की सांगता तरी येईल."

बाजारानंतर कळलं की शाळेचा वर्धापनदिन जवळ आलाय, रंगमंचाचा पडदा विरलाय, आणि असा पडदा संघाने भेट द्यायचा असतो. रिवाजच आहे. यंत्र घेतलं की आकडा येणार, आकडा आला की अफवा उठणार, असंही मुख्याध्यापकांनी संघाच्या अध्यक्षीणबाईंना हळुवारपणे समजावलं होतं.

"पैसा आमचा," मी घरी जेवताना जाहीर केलं.

"बटाटे संघाचे, हॉल शाळेचा," नवरा म्हणाला. "तुझं काय होतं?"

"तळणं."

"मग तेलवाल्यालाही बोलाव सभेला. अगं, आपण व्हिसावर आलोय. पुढारीपण पुण्याला गेल्यावर कर."

सभा भरली. अध्यक्षीणबाईंनी पडद्याचा ठराव वाचला आणि म्हणाल्या, "संमती असणाऱ्यांनी कृपया टाळ्या वाजवाव्यात." नसणाऱ्यांनी काय वाजवावं, याची काही सूचना नव्हती. मुख्याध्यापक आधीच आभारासाठी वाकून बसले होते. टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवून, नाटकातल्या मानी नायिकेसारखी बसले आणि गोळे वळणाऱ्या माझ्या साथीदारणीकडे बघितलं.

ती टाळ्या वाजवत होती. हलक्या, पण सगळ्यांच्या तालात. सगळ्या थांबल्या तेव्हा तीही थांबली.

सायकली हातात धरून आम्ही घरी निघालो. "तुम्ही पण वाजवल्यात?" मी म्हटलं.

"हो."

"यंत्र तुम्हाला हवं होतं ना?"

"हवंच आहे." तिने सायकल रस्त्याच्या कडेला घेतली. "मी वाजवल्या नसत्या तर ते ऐकू आलं असतं. माझ्या मुलीला सहावीपर्यंत इथेच काढायचंय. तुम्ही नाही वाजवल्यात, ते सगळ्यांनी बघितलं. पण तुम्ही करी-सान. तुम्हाला चालतं."

खरं तर मला राग यायला हवा होता. मी थोडी वाट पाहिली. आला नाही. सिग्नल हिरवा झाला तसा आम्ही रस्ता ओलांडला.

पडदा आला. गडद निळा, खाली सोनेरी धाग्यात 'पालक-शिक्षक संघाची भेट'. खालची झालर तरी नक्की माझ्या वड्यांची, असं मी बायकांना सांगत सुटले. त्या तोंडावर हात ठेवून हसत.

एकदा मधल्या सुट्टीत मी शाळेत गेले होते. सगळी मुलं मैदानात होती. सभागृहातला पडदा सोडलेला होता आणि त्यामागे माझी मुलगी नि वरच्या मजल्यावरच्या बाईची लेक खोटंखोटं दुकान मांडून बसल्या होत्या. सगळं जपानीत.

"आज बाहेर जायचं का?" माझीने विचारलं.

"आई म्हणते, अजून माहीत नाही."

"बरं. मग करी किती देऊ?"

मी हाक मारली नाही. झालर हातात धरून पाहिली. कापड जाड होतं, शिवण सरळ होती. वस्तू चांगली घेतली होती, त्यात वाद नाही.