वाढत्या अंगाची बंदूक

आमच्या घरात मापाची वस्तू कधी आलीच नाही. माझा शाळेचा पहिला युनिफॉर्म मला चौथीत नीट बसला, आणि तोवर तो विरला होता. घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. अमेरिकेत, ॲन आर्बरला येऊन सोळा वर्षं झाली, तरी ही खोड गेली नाही. मुलीचा थंडीचा कोट, बर्फातले बूट, सायकल, सगळं मी दोन वर्षं पुढचं घेते. शॉटगनही तशीच घेतली.

मुलगी दहा वर्षांची. शेजारच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, दर शनिवारी क्लबात मुलांना मातीच्या तबकड्या फोडायला शिकवतात. यंत्र तबकडी हवेत फेकतं, मुलं ती उडतानाच फोडतात. इथे याला कोणी दचकत नाही. मी दचकले. मग एका शनिवारी कुंपणाबाहेर उभी राहून पाहिलं. वर्गात कधी हात वर न करणारी माझी मुलगी, बाईंची लहानपणची छोटी बंदूक खांद्याला लावून "पुल", म्हणजे तबकडी सोडा, म्हणून ओरडली, आणि तबकडीचा भुगा झाला. तिचा एवढा मोठा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. मला फार आनंद झाला. तो मी दाखवला नाही, दाखवला की मुलं शेफारतात.

पण त्या बंदुकीवर आता बाईंची नात शिकणार होती. आम्हाला आमची घेणं भाग होतं. बाईंनी दोनदा बजावलं, मुलीला बरोबर न्या, तिच्या हातात देऊन बघा. मी नेलं नाही. कपडे घ्यायला तरी कुठे नेते.

"यार, मी गाडीतच थांबतो ना," नवरा दुकानाबाहेर म्हणाला. मी त्याला आत आणला. तो दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला, जणू काही हात बाहेर काढले तर एखादी बंदूक आपोआप उडेल.

दुकानदाराने मुलीची उंची विचारली. मी हाताने दाखवली, आणि सवयीने चार बोटं वर धरली. त्याने आखूड दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग आखूड असलेली, एक बंदूक पुढे ठेवली.

"किती वर्षं जाईल?" मी विचारलं.

"एखादं वर्ष. मग दस्ता बदलायचा. आज बसेल अशीच घ्या."

"विकणारे असंच सांगतात," मी नवऱ्याला मराठीत म्हटलं, आणि मोठ्या माणसाच्या मापाची घेतली. मुलगी कॉलेजात जाईपर्यंत पुन्हा बघायला नको होतं.

पहिल्या शनिवारी तिने दोन तबकड्या फोडल्या. दुसऱ्या शनिवारी एकही नाही. तिसऱ्या शनिवारी तिचं पोट दुखायला लागलं. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पियानो सोडला, कराटे सोडलं, आता हेही. तुझं सगळं चार दिवसांचं. हौस फिटली म्हण, पोटाला कशाला बोल लावतेस? तिने सगळं ऐकून घेतलं.

"सॉरी आई," ती म्हणाली, आणि खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी न्हाण्याआधी तिच्या केसांना तेल लावताना माझं कोपर तिच्या दंडाला लागलं. ती कळवळली. मी बाही वर केली. माझ्या तळहाताएवढा डाग होता, मधे जांभळा, कडेने हिरवट. लांब दस्ता तिच्या खांद्याच्या खळग्यात बसतच नव्हता. बार उडाला की दर वेळी तो दंडावर आदळत होता.

"सांगितलं का नाहीस?"

"यू सेड आय विल ग्रो," ती म्हणाली. "आय ॲम ट्रायिंग, आई."

मी तिच्या डोक्यावर नुसतीच तेल चोळत राहिले, आणि मग रडले. तिला वाटलं, बंदूक फुकट गेली म्हणून.

डाग उतरल्यावर तिला घेऊन त्याच दुकानात गेले. दुकानदाराने ती आधीची आखूड बंदूक रिकामी असल्याची खात्री करून तिच्या हातात दिली आणि खांद्याला नीट टेकवून घेतली.

"हाउ डझ इट फील?" त्याने तिला विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. दंड तिचा, दुखणं तिचं, आणि उत्तर ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. माझी मलाच चीड आली. मी पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या टोप्या बघायला लागले.

"स्टिल टू लाँग," ती म्हणाली.