खिडकीतला डबा

नारळाच्या त्या मोठ्या बागेत सगळे त्याला ‘दोनदा’ म्हणत, कारण काहीही मोजलं की तो पुन्हा एकदा मोजायचा. आणि मोजणं हेच त्याचं काम. बागेत चाळीस बादल्या ठेवलेल्या. प्रत्येकीत गुळाचं आंबलेलं पाणी आणि झाकणाला आतून बांधलेली वासाची पुडी. त्या वासाला भुलून सोंड्या भुंगे भोकांतून आत शिरायचे आणि बुडायचे. हा भुंगा नारळाचा वैरी. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, बाहेर कळेपर्यंत झाड हातचं गेलेलं असतं. दर सोमवारी दोनदा बुडालेले भुंगे मोजून वहीत लिहायचा. त्यावरून कुठल्या कोपऱ्यात धोका वाढतोय, ते साहेबांना कळायचं.

दोनदाचा मात्र कुणावर विश्वास म्हणून नव्हता. वास ओसरला की नवी पुडी लावायची आणि जुनी खोल पुरायची, असा साहेबांचा नियम. दोनदाच्या मनात पाल चुकचुकली. पुरलेली पुडी कुणी उकरून भलतीकडे बांधली तर? आपले आकडे खोटे पडायचे. म्हणून जुन्या पुड्या तो गुपचूप घरी आणायचा आणि मागच्या खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या.

खिडकीपासून हातभर अंतरावर बायकोचा नारळ होता. पाच वर्षं तिनं तो भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढवला होता. यंदा त्याच्या बुंध्याशी भुंगे दिसू लागले. आधी दोन, मग पाच.

“बागेतली हजार झाडं सांभाळता,” बायको म्हणाली. “माझं हे एक गेलं तर बघा.”

बाग इथून चांगली लांब. मग भुंगे आले कुठून? कुणीतरी आणून टाकतंय, एवढं दोनदाला दिसत होतं. शेजारच्या शिंप्याची जुनी कुरकुर होती, झावळ्या त्याच्या पत्र्यावर घासतात म्हणून. झालं. दोनदा गिऱ्हाइकांसमोर त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

“भुंगे कुठून आणता, शिंपीबुवा?”

शिंप्यानं चष्म्यावरून पाहिलं. “मापाचे शिवून देतो. सोंडेसकट हवेत का?”

गिऱ्हाइकं हसली. दोनदाचा संशय आणखी पक्का झाला. मनात काही नसलेल्या माणसाला इतकं तयार उत्तर सुचतं कसं?

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि दुपारपासून खिडकीमागे दबा धरून बसला. पलीकडे शिंपी मशीन चालवत होता. ऊन उतरेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. आणि मग भर्रकन एक भुंगा आला, आपला आपण उडत. झाडाला त्यानं विचारलंच नाही, तो सरळ डब्यावर बसला. मागून दुसरा आला, मग तिसरा. डब्याच्या गंजलेल्या कडेत सोंड खुपसून फिरू लागले. दोनदानं ते मोजले. सवयीनं पुन्हा मोजले. तीनच.

“सापडला चोर?” बायकोनं मागून विचारलं.

“सापडला.”

“कोण?”

त्यानं डब्याकडे बोट केलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि झाकण उघडून नाक मागे घेतलं. “हे काय साठवलंय तुम्ही इथे?”

त्यानं जुन्या पुड्यांचं सगळं सांगितलं. मग दोघं झाडाशी गेली. मधला सुळका, म्हणजे न उमललेलं कोवळं पान, ओढल्यावर उपटून हातात आला की झाड आतून संपलं. दोनदानं स्टुलावर चढून अगदी हलकेच ओढलं. सुळका हलला नाही.

“उतरा खाली,” ती म्हणाली. “माझा नाही तुमच्यावर भरवसा.” ती स्वतः चढली आणि चांगला जोर लावून ओढला. तरी हलला नाही. तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला. “डबा पुरा. खोल पुरा. आणि मग शेजारी जाऊन या.”

डबा पुरून, हात धुऊन तो शिंप्याच्या दारात गेला. शिंप्यानं मशीन थांबवलं.

“हातात काय आहे?”

“काही नाही. चूक माझी होती, एवढंच सांगायला आलोय.”

“दाखवा.”

दोनदानं दोन्ही तळवे पुढे केले. शिंप्यानं चष्मा नीट केला, तळवे पाहिले, उलटे करून पुन्हा पाहिले, आणि मग बसायला स्टूल सरकवलं.