हवालदारांची नळी

हवालदार कुणाच्याही घरी गेले तरी आत येत नसत, उंबऱ्यावरच बसत. लग्नाच्या पंगतीतही त्यांचं पान दाराशी मांडावं लागे, आणि कुणी आग्रहानं ते पुढं सरकवलं तर हवालदार पानासकट मागं येत. गावातल्या बायका त्यांना ‘उंबऱ्यावरचे जावई’ म्हणत. ते हसत, पण जागा सोडत नसत. लढाईत मिसर देशाच्या वाळवंटात त्यांची लॉरी वादळात उलटली होती आणि ते दिवसभर वाळूखाली अडकून पडले होते, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. जास्त खोदून विचारलं की म्हणत, “हवा हाय तवर माणूस हाय गड्या. भाकरीचं मागनं बघू.”

मी कडेगावचा तांबट. बाजारपेठेत माझं कल्हईचं आणि भांडी ठोकायचं दुकान होतं. जागा मालकांची. हे मालक शेंगांचे व्यापारी. अर्धी पेठ त्यांची असल्यामुळं गावात कुणी त्यांचं नाव घेत नसे, नुसतं मालक म्हणत. लढाई संपल्यावर मिलिटरीनं मोडीत काढलेला एक ट्रक त्यांनी लिलावात आणला आणि तो चालवायला हवालदारांना ठेवलं. पंचक्रोशीत दुसरा ट्रक नव्हता. हवालदारांना ट्रकशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि त्यांची म्हातारी आई गाव सोडायला तयार नव्हती. म्हणजे चहूकडून कोंडीच. पण त्या ट्रकच्या केबिनला दारं नव्हती, आणि हवालदारांना तेवढं पुरे होतं. “चारी बाजूंनी वारं,” ते म्हणत. “ह्याच्यापरीस बरं घर कुठं असतंय?”

त्या काळी कराडचा रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. ट्रक कराडहून आला की हवालदारांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या असत. ते आधी बॉनेट उघडत, मग तोंड धूत. एके दिवशी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, “तांबटा, एखादी फुटकी घागर हाय का रं?”

“आवं हवालदार, फुटकी कशाला? चांगली देतो की.”

“चांगली घरात लागती. मला गाडीला नाक करायचंय. इंजिन आपल्यावानीच श्वास घेतंय. धुरळा गेला की त्याच्याबी छातीत बसतोय. वाळूत गाडी मरती ती नाकातनं, चाकातनं न्हाई.”

ते नाक आम्ही दोघांनी मिळून केलं, आणि माझ्या आयुष्यात मी एवढं मन लावून दुसरं काही केलं नाही. घागरीच्या तळाला इंजिनाचं तेल. वर नारळाचा काथ्या पिंजून भरलेला. त्यावर चाळणीची बारीक जाळी. घागरीतून एक रबरी नळा इंजिनात, आणि बाहेरची हवा घ्यायला एक तांब्याची नळी, केबिनला धरून वर गेलेली, टपाच्याही हातभर वर. हवा वरून येऊन तेलावर आपटे, धूळ तेलात बसे, उरलीसुरली काथ्यात अडके. नदीच्या उतारातून पलीकडं जाताना पाणी बॉनेटपर्यंत आलं तरी इंजिनाला वरून हवा मिळे.

सांधे मी जोडायचे आणि हवालदारांनी नापास करायचे. इंजिन चालू करून ते पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवत. धूर कुठं आत ओढला गेला की बोट ठेवत, “हितं पाप हाय.” असं सात वेळा झालं. सातव्या वेळेला मी वैतागून म्हणालो, “हवालदार, देवळाच्या कळसालाबी एवढं बघत न्हाईत.” ते म्हणाले, “कळस कुठं श्वास घेतोय?” आठव्या वेळेला धूर सरळ वर गेला. तेव्हा त्यांनी ती उदबत्ती माझ्या दुकानातल्या देवापुढं लावायला दिली. स्वतः पायरीवरच थांबले.

मालकांनी ते बघून कपाळाला हात लावला. “ही सोंड कशापायी? ट्रक हाय का गणपती?” मग हसणं थांबवून म्हणाले, “हवालदार, एकदा जरी गाडी ह्या सोंडंपायी थांबली तर सोंडबी जाईल आणि तुमीबी.” हवालदारांनी सलाम ठोकला. ट्रक वर्षभर एकदाही थांबला नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. मी हातोड्या, सांडशी, भाता मांडून पूजा केली आणि ट्रककडं गेलो. हवालदारांनी सकाळीच घागरीतलं जुनं तेल काढून नवं भरलं होतं. तेलाचा डबा मीच धरला होता. पूजा झाली. लोकांनी बॉनेटला हार घातले. माझा हार मात्र नळीला. ती माझ्या हातची होती ना! दोरा तुटतो म्हणून मी झेंडूची फुलं बारीक तांब्याच्या तारेत ओवली होती. तांबटाची मिजास, दुसरं काय. वाऱ्यानं हार उडू नये म्हणून त्याचं एक टोक मी नळीच्या तोंडात खोचलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. येरळा नदीपलीकडच्या देवळात सोनं वाटायला जायचं म्हणून ट्रकमध्ये तीसेक माणसं चढली, बायकापोरंसुद्धा. निघताना हवालदार ओरडले, “हार काढा रं सगळं!” मी टपावर चढलो आणि हार ओढला. तार मध्येच तुटली. हातात अर्धा हार आला. उरलेला आत गेला असेल असं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण सगळे खोळंबले होते, आणि एवढ्या फुलांनी काय होतंय, असं म्हणून मी खाली उतरलो.

नदीच्या काठावर हवालदारांनी नेहमीप्रमाणं पंख्याचा पट्टा उतरवला, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही. वर कुठंतरी पाऊस झाला होता, पाणी गढूळ होतं. पण असल्या पाण्यातून ट्रक दहादा गेला होता. मधोमध गेल्यावर इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं.

हवालदार बॉनेटवर चढले. रबरी नळा सोडला, जाळी उचलली आणि आत हात घातला. मी केबिनच्या मागंच उभा होतो. त्यांच्या मुठीत चेंदलेला झेंडू होता आणि त्यातून तांब्याची तार लोंबत होती. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग मूठ खिशात घातली. हँडल मारून बघितलं, पण तोवर सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं होतं.

तीन तास आम्ही त्या पाण्यात अडकलो. पाणी फळीला लागलं तेव्हा बायकांनी पोरं खांद्यावर घेतली. उतरावं तर ओढ, थांबावं तर पाणी चढतंय. कुणी मालकांना शिव्या देत होतं, कुणी नळीला. हवालदार फूटबोर्डवर उभे राहून सगळ्यांना सांगत होते, “वर बघा, पाण्याकडं बघू नका. वारं हाय, मोकळं आभाळ हाय, कायबी हुत न्हाई.” शेवटी सहा बैलजोड्या लावून ट्रक ओढून काढला.

काठावर मालक जरीचा फेटा बांधून उभे होते. “काय झालं?” त्यांनी विचारलं. मी कमरेपर्यंत भिजलेला, तोंड उघडून उभा राहिलो. दुकानाची जागा डोळ्यांपुढं आली, घरातली दोन पोरं आली, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. हवालदार पुढं झाले. “मालक, घागरीतलं तेल बदलायचं राहिलं. चूक माझी.”

त्याच दिवशी नळी निघाली, ती मी दुकानात नेऊन ठेवली. ट्रकवर कराडचा एक ड्रायव्हर आला, आणि आईची भाकर चालावी म्हणून हवालदारांना मालकांनी शेंगांच्या गोदामावर राखण्या ठेवलं. गोदाम म्हणजे जाड भिंती, पत्र्याचं छप्पर आणि खिडकी एकही नाही. शेंगा चोरीला जातात म्हणून दार आतून बंद ठेवायचा मालकांचा हुकूम. जो माणूस लग्नाच्या मांडवात आत बसत नव्हता तो पोत्यांच्या थप्पीत, शेंगांच्या धुळीत बसू लागला. दाराच्या फटीला नाक लावून बसलेले ते मी बघितले आहेत. त्या रस्त्यानं जायचं मी सोडून दिलं. गावात तोवर एक म्हणच झाली होती. कुणाचं काही बिघडलं की लोक विचारत, “काय रं, हवालदारावानी तेल बदलायचं राहिलं व्हय?” मीही हसत असे. हे लिहितानाही लाज वाटते.

दीड वर्षात त्या ट्रकचं इंजिन धुळीनं खाल्लं. तो लिंबाखाली उभा राहिला तो राहिलाच. त्याच सुमाराला हवालदारांनी मला निरोप धाडला, नळी घेऊन ये. मी गेलो. ते दारात खोकत उभे होते, अंगावर कातडं तेवढं उरलेलं. वर बोट करून म्हणाले, “पत्र्याला भोक पाड, आणि बसव. गाडीला लागंना, मला लागती.”

मी बाजेच्या बरोबर वर नळी बसवली, सांधा डांबरानं बुजवला. खाली उतरलो तर हवालदार उदबत्ती पेटवून उभे. धूर नळीतून सरळ वर गेला. ते बघून माझा बांध फुटला. म्हणालो, “हवालदार, त्यो हार माझा हुता.”

“ठावं हाय की,” ते म्हणाले. “तांब्याच्या तारंत झेंडू दुसरं कोण ओवतंय?”

“मग बोलला का न्हाईसा?”

“बोलून काय झालं असतं? मालकांनी तुलाबी काढलं असतं. म्हंजे एकाच्या जागी दोघं कोंडलं असतं.” मग बाजेवर आडवे झाले, नळीखाली तोंड केलं आणि डोळे मिटले. “जा आता. वारं येतंय झकास.”

मी म्हणालो, उद्या मालकांना सांगतो. त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. ती होय म्हणून की नको म्हणून, हे मी विचारलं नाही. मला ‘नको’ हवं होतं, मी ‘नको’ धरलं. पुढच्या उन्हाळ्यात हवालदार त्याच बाजेवर गेले. म्हातारी त्यांच्यानंतर महिनाभर होती.

मालकही जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. गोदाम पडलं तेव्हा नळी मी दुकानात आणली. खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिची पूजा करतो. हार घालत नाही. हळदकुंकू लावतो आणि तोंड मोकळं ठेवतो. पण तेवढ्यानं फिटण्यातलं हे नाही. गावात ती म्हण अजून आहे, ज्यांनी हवालदारांना बघितलंसुद्धा नाही ती पोरंही म्हणतात. म्हणून एकदा लिहून ठेवतो, कुणीही वाचावं. तेल बदललेलं होतं. आदल्या दिवशी सकाळी, माझ्यासमोर. डबा मीच धरला होता.